म्हणे, संगीताला भाषा नसते!

'संगीताला भाषा नसते' हे वाक्य बंगळुरूतल्या सिनेमाच्या चर्चांमध्ये कुणी ना कुणी टाकतंच. उपशीर्षकं करणाऱ्या आम्हा अनुवादकांना ते सोयीचंही पडतं. संवाद उतरवले की सुटलो. पण वाक्य खोटं आहे.

'सैराट' (२०१६) घ्या. अजय-अतुल यांनी करमाळ्याच्या प्रेमाला लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेला सिंफनी वाद्यवृंद दिला. त्याला 'भव्य' म्हणून समीक्षक मोकळे झाले. भव्य कुणासाठी? मासेमाऱ्याचा पोरगा पाटलाच्या पोरीच्या ओढीने धावत सुटतो आणि त्याच्यासाठी व्हायोलिनांचा लोट उसळतो. इतकं वैभव अशा पोराच्या वाट्याला आपल्या पडद्यावर क्वचितच आलं होतं. अर्थ तिथे आहे, नुसत्या सुरावटीत नाही. 'धडक'ने (२०१८) 'याड लागलं'ची चाल उदयपूरला नेली. हवेल्यांच्या पार्श्वभूमीवर ती नुसती गोड वाटली. (कन्नड 'मनसु मल्लिगे'त, २०१७, नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच, त्याविषयी स्वतंत्रपणे भांडायला हवं.)

'सैराट'मध्ये दोघं हैदराबादला पळाल्यावर गाणी थांबतात. आणि अखेरीस रक्ताळल्या पावलांनी मूल बाहेर येतं तेव्हा ध्वनिपट्टीच मुकी होते. तिथे कंसात 'शांतता' एवढंच लिहिणारा अनुवादक आळशी आहे, असं मी म्हणते. या पोराला बहाल केलेला वाद्यवृंद हिसकावून घेतला गेलाय, हे ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला त्या एका शब्दातून कसं कळावं?