'व्ही' काय कुणाच्या बापाचा आहे?

गेल्या शनिवारी गंगापूर रोडला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या पोराने नवीन इलेक्ट्रिक गिटार घेतलीये. नेहमीसारखी कंबर असलेली नाही, इंग्रजी व्ही उलटा धरल्यासारखी: वरच्या टोकाला मान आणि खाली दोन पंख फाकलेले. पोरगं खूश. मित्र म्हणाला, "कॉपी आहे रे. ओरिजिनल गिब्सनची. आपल्याकडे नुसत्या चोऱ्या चालतात." पोराचं तोंड एवढंसं झालं. मी गिटार हातात घेऊन पाहिली, तर वर कंपनीचं स्वतःचं नाव स्वच्छ लिहिलेलं. तेव्हा काही बोललो नाही (वहिनींनी मटण केलं होतं), पण विषय डोक्यातून जाईना.

चोरी कशाला म्हणायचं, हा माझा प्रश्न आहे.

आधी थोडा इतिहास. 1950च्या दशकात फेंडर कंपनीच्या गिटारी जोरात होत्या आणि गिब्सन म्हणजे जुन्या वळणाची, काकालोकांची कंपनी वाटायला लागली होती. तेव्हाचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी काही चमत्कारिक आकार काढायला लावले. त्यातले दोन 1958 साली बाजारात आले: फ्लाइंग व्ही आणि तिचा तितकाच वेडावाकडा भाऊ एक्सप्लोरर. बसून वाजवायला घेतली की व्ही मांडीवरून घसरायची, म्हणून कडेला चक्क रबराची पट्टी लावली होती! (आमच्या क्षेत्रात याला 'पॅच' म्हणतात.) 1958 आणि 1959 मिळून शंभरसुद्धा गेल्या नाहीत. कंपनीने प्रकरण गुंडाळलं.

मग ही गिटार जिवंत ठेवली कोणी? वाजवणाऱ्यांनी. अल्बर्ट किंग हा ब्लूजवाला डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवणारा. त्याला दोन्ही बाजूंनी सारखा असलेला हा आकार बरोबर बसला. लॉनी मॅककडे 1958चीच व्ही होती. 1967 मध्ये गिब्सनने ती महोगनीत पुन्हा काढली, त्याच सुमारास जिमी हेंड्रिक्सच्या गळ्यात नक्षी काढलेली व्ही दिसली, आणि पुढे हेवी मेटलवाल्यांनी तर तिला आपला झेंडाच करून टाकलं. या सगळ्या काळात इतर कंपन्याही व्ही बनवत होत्या. डीन ही त्यातली एक, 1970च्या दशकापासून स्वतःच्या नावाने, राजरोस.

2018 मध्ये गिब्सन दिवाळखोरीत गेली, सावरली, आणि 2019 मध्ये तिने डीनच्या मालक कंपनीवर टेक्सासात खटला भरला. आकार आमचा! चाळीस वर्षं शेजारी दुकान चालू होतं तेव्हा झोप लागली होती काय? 2022 मध्ये ज्युरीने गिब्सनच्या बाजूने कौल दिला, 2024 मध्ये वरच्या कोर्टाने तो रद्द केला, कारण इतर कंपन्यांनी हे आकार कित्येक दशकं वापरल्याचे जुने पुरावे ज्युरीसमोर येऊच दिले नव्हते. 2025 मध्ये पुन्हा सुनावणी झाली आणि बराचसा कौल परत गिब्सनकडेच गेला. म्हणजे अमेरिकेत मी हरलोय, हे कबूल. युरोपात मात्र 2019 मध्येच कोर्टाने सांगितलं होतं की 1958 साली आकार वेगळा असेलही, पण 2010 मध्ये नोंदणी मागितली तोवर बाजारात इतके आकार आले होते, की नुसत्या आकारावरून बनवणारा ओळखू येत नाही.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. या आकाराचं डिझाइन पेटंट गिब्सनला 1958 सालीच मिळालं होतं. तिथे त्याची मुदत तेव्हा जास्तीत जास्त 14 वर्षं. आपल्याकडे डिझाइनची नोंदणी दहा आणि वाढवून पाच, एकूण 15. सौदा सरळ आहे: नवीन काढलंस, काही वर्षं एकट्याने कमाव, मग ते सगळ्यांचं. मुदत संपल्यावर तोच आकार ट्रेडमार्कच्या मागच्या दाराने परत आत घ्यायचा, जो नूतनीकरण करत राहिलं तर कधीच संपत नाही, ही त्या सौद्यातली बेइमानी आहे. ॲपलनेही 1988 मध्ये स्क्रीनवरच्या खिडक्यांवरून मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं होतं. ते जिंकले असते तर आज तुम्ही-आम्ही कशावर काम करत असतो?

आता आपल्या मिरजेकडे बघा. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना मागणी उरली नाही, तेव्हा तिथल्या शिकलगारांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली. फरीदसाहेबांपासून ती परंपरा सांगतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, आणि घोडीची जवारी कानाने ऐकत ऐकत काढायची, हे पिढ्यान् पिढ्यांचं काम. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळाला. जीआयने काय राखलं? नाव. कोलकात्याचा कारागीर तसाच भोपळा लावून तंबोरा करू शकतो, फक्त त्याला 'मिरजेचा' म्हणायचं नाही. नाशिकच्या द्राक्षांनाही जीआय आहे, म्हणून सांगलीवाल्यांनी चौकोनी द्राक्षं पिकवायची का? आणि आपल्या इथली बुडबुड्यांची वाइन शॅम्पेनच्याच पद्धतीने केली तरी शॅम्पेन म्हणून विकता येत नाही. बरोबरच आहे. नाव त्यांचं, पद्धत कुणीही वापरा.

मित्र म्हणेल, तुझा कोड कुणी ढापला तर? ढापला तर मी भांडेन. पण मी केलेल्या ॲपसारखं दिसणारं ॲप कुणी स्वतः लिहून स्वतःच्या नावाने विकलं, तर जळफळाट होईल, पोलिसात जाणार नाही. कुणी खोटा 'गिब्सन' शिक्का मारून गिटार विकली तर खुशाल आत टाका, मीही टाळ्या वाजवीन.

सोमवारी मित्राला फोन करून हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण कार्टं बसून वाजवतं तेव्हा ती सारखी घसरते, त्याचं काय करू?" म्हटलं, रबराची पट्टी लाव. 1958 सालचा उपाय आहे :-)