आनंदाचा अनुल्लेख : ख्रिस्ती मराठी वाङ्मय आणि समीक्षेची सोय

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा मोठा वाद उठला. २०२४ मध्ये दिब्रिटो निवर्तले आणि तो वादही विस्मरणात जमा झाला. मराठी समीक्षेच्या दृष्टीने मात्र तो आठवावा असा आहे. विरोधकांना त्यांच्यात केवळ धर्मगुरू दिसला. पाठिराख्यांनी 'हरित वसई'चा कार्यकर्ता, संतसाहित्याचा अभ्यासक आणि उदारमतवादी विचारवंत पुढे केला. एका पक्षाला त्यांची श्रद्धा आक्षेपार्ह वाटली. दुसऱ्या पक्षाला ती बाजूला ठेवण्याजोगी वाटली. ज्या श्रद्धेने त्यांना लिहिते केले, तिचा त्यांच्या लेखनाशी वाङ्मयीन संबंध काय, हा प्रश्न दोन्ही पक्षांपैकी कोणीही विचारला नाही. हे मौन प्रासंगिक नाही. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या वाचनाची ती जुनी रीत आहे.

या रीतीचे स्वरूप थोडक्यात असे आहे. ख्रिस्ती लेखकाने धर्मांतरामुळे काय गमावले, कोणती सामाजिक किंमत मोजली, कोणत्या सुधारणेस हातभार लावला, याची नोंद समीक्षा तत्परतेने घेते. त्याला त्या श्रद्धेत काय लाभले, हे विचारताना ती संकोचते. लेखक स्वतः ज्या लाभाला आनंद म्हणतो आणि ज्यातून आपल्याला जगण्याचे बळ मिळाले असे सांगतो, तो लाभ ती प्रचार म्हणून वगळते किंवा दुसऱ्याच नावाने नोंदवते. परिणामी मराठीतील काही श्रेष्ठ ग्रंथ अर्धेच वाचले गेले आहेत.

येथे आनंद या शब्दाची फोड करणे अवश्य आहे, कारण मराठी समीक्षकाच्या कानावर तो शब्द पडताच रससिद्धान्त आणि ब्रह्मानंदसहोदर ही संज्ञा उभी राहते. रसास्वादाचा आनंद लौकिक सुखदुःखांपासून अलिप्त झालेल्या रसिकाचा असतो. बायबलमधील आनंदाची जात निराळी आहे. नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमचा तट पुन्हा उभा राहिल्यानंतरचा प्रसंग आहे. एज्रा नियमशास्त्र वाचून दाखवतो आणि ते ऐकून जमलेले लोक रडू लागतात. त्या रडणाऱ्यांनाच सांगितले जाते की देवाविषयीचा आनंद हे तुमचे सामर्थ्य आहे. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात आनंदाचा उच्चार पुनःपुन्हा येतो, आणि ते पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे. म्हणजे हा आनंद दुःख नाकारत नाही, की त्यापासून अलिप्तही होत नाही. दुःखाच्या आतच तो उभा राहतो आणि माणसाला उभे करतो. सुख परिस्थितीवर अवलंबून असते. हा आनंद एका नात्यावर, ख्रिस्ताशी जडलेल्या नात्यावर, अवलंबून असतो. हा दावा खरा की खोटा याचा निवाडा समीक्षेने करावयाचा नाही. पण ज्या संहितेची रचनाच या दाव्यावर उभी आहे, ती वाचताना तो दावा समजून घेणे हे समीक्षेचे पहिले कर्तव्य आहे.

ते टाळण्यासाठी मराठी समीक्षेने तीन सोयी करून ठेवल्या आहेत. पहिली सोय समाजशास्त्राची. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) हे तिचे ठळक उदाहरण. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती सांगताना 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशा तीन धारा मानल्या आणि पदमनजींच्या कृतीला वास्तवाभिमुख धारेच्या उगमस्थानी बसवले. हे मोठेच काम झाले. परंतु पुढील अभ्यासकांनी या मांडणीचा सोयीस्कर उपयोग केला. विधवांच्या दैन्याचे चित्रण ते वास्तव, आणि यमुनेचे ख्रिस्ती होणे तो चिकटवलेला प्रचार, अशी कादंबरीची सरळ वाटणी झाली. यमुनेला इतरांचे दुःख पाहण्याची दृष्टी कोठून मिळाली, हा प्रश्न या वाटणीत उरतच नाही. पदमनजींच्या लेखी पाहणे आणि विश्वास ठेवणे या दोन क्रिया नव्हत्या. शेवट कलात्मक दृष्ट्या दुबळा आहे असे म्हणण्यास कोणाची हरकत नसावी. तो कादंबरीबाहेरचा आहे हे म्हणणे मात्र चूक आहे.

दुसरी सोय विलीनीकरणाची. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, कीर्तन, भजन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार सर्वश्रुत आहेत. समीक्षेने हा पूल उचलून धरला आणि त्याचे पैलतीर सोडून दिले. टिळक म्हणजे ख्रिस्ती वेशातील वारकरी, एवढे म्हटले की काम भागते. पण पूल ओलांडणारा माणूस कोठे पोहोचला, हे न पाहता त्याच्या प्रवासाचे वर्णन कसे पुरे होईल? टिळकांच्या अभंगांत आर्तता आहे, ती संतपरंपरेची म्हणून ओळखीची वाटते. त्या आर्ततेच्या शेजारी देहधारी, दुःख भोगलेल्या, मित्रासारख्या ख्रिस्ताच्या सहवासाची जी निश्चिंती आहे, तिचे नाते मात्र विठ्ठलभक्तीच्या परिभाषेत पुरते सांगता येत नाही. साम्य दाखवणे हे समीक्षेचे काम आहेच. साम्याने भेद पुसणे हा आळस आहे. पाठ्यपुस्तकांनी तर त्याहून सोपा मार्ग पत्करला. 'केवढे हे क्रौर्य' लिहिणारा फुलामुलांचा कवी त्यांनी ठेवला आणि 'अभंगांजली'चा कवी प्रार्थनामंदिरांकडे सोपवला.

तिसरी सोय सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. ती स्वभावाची सोय. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची (१९३४-३६) स्तुती करताना निर्मळ विनोद, दिलदार वृत्ती, उपजत शहाणपण हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहेत. ते खोटे नाहीत. पण एखाद्या ग्रंथाचे मर्म लेखिकेच्या स्वभावात शोधणे म्हणजे समीक्षेने हात टेकणे होय. विनोदी स्वभावाची माणसे पुष्कळ असतात; 'स्मृतिचित्रे' एकच आहे.

त्या ग्रंथाची रचना पाहावी. सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या घरात लक्ष्मीबाईंचे बालपण गेले. लहानपणी लग्न झाले. नवरा खिशात असेल ते देऊन मोकळा होणारा, मनात येईल तेव्हा घर सोडून जाणारा. मग त्याचे धर्मांतर, आप्तांचा आकांत, जिवंत नवऱ्याच्या पश्चात पंढरपुरी काढलेले दिवस. पुढे त्याच्याकडे परतल्यावरही सोवळे सांभाळण्याचा आटापिटा. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा स्वतःशीच लावलेला निकाल. आणि १९०० साली घेतलेला बाप्तिस्मा. या साऱ्या सामग्रीतून एक कडवट, फिर्यादी आत्मचरित्र सहज निर्माण झाले असते. 'स्मृतिचित्रे'त मात्र खलपात्र नाही. पोरांना जाच करणारे वडील खल नाहीत, नवरा नाही, बाटल्या घराशी संबंध तोडू पाहणारे नातलग नाहीत. हसू सर्वांचे येते. सोवळ्याचे येते तसे मिशनच्या कारभाराचे येते आणि सर्वांत जास्त लक्ष्मीबाईंना स्वतःचेच येते.

हे हसू स्वभावाचे म्हणावे तर त्याच ग्रंथातील वियोगाचे दिवस आठवावेत. तो स्वभाव तेव्हाही होताच. पण त्या दिवसांत तो पुरा पडला नाही. त्या दुःखाची कथा सांगताना हसता येते ते निवेदिकेला, आणि ही निवेदिका विटाळाच्या भयातून सुटलेली आहे. ज्या भयाने बालपणाचे घर ग्रासले होते, त्या भयाकडे आता ती बाहेरून पाहू शकते. आणि बाहेर पडूनही त्या घरातील माणसांवरची माया तिच्यात शाबूत आहे. सुटका आणि माया यांचे हे एकत्र नांदणे हाच या ग्रंथाचा निवेदनविशेष आहे. सुटका नुसती बुद्धिवादाने झाली असती तर मागच्यांविषयी तुच्छता आली असती, जशी ती त्या काळच्या कित्येक सुधारकी लेखनांत आली आहे. येथे तुच्छतेच्या जागी क्षमा आहे. क्षमा केलेल्याला क्षमा करणे सोपे जाते, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा लक्ष्मीबाईंनी कोठेही प्रवचन न करता रचनेत उतरवला आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेणारी आणि आपल्या वैधव्याची, ओढाताणीची हकीकतही त्याच प्रसन्नतेने सांगणारी ही स्त्री आहे. तिच्या कवितासंग्रहाचे 'भरली घागर' हे नाव ध्यानात घ्यावे. घागर कशाने भरली, हे न विचारता समीक्षक तिच्या घाटावरच खूश आहेत.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला याहून वेगळे काही आले नाही. 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) आणि 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' (१८८७) यांचा अभ्यास स्त्रीवादी समीक्षेने नव्याने केला, हे उचितच झाले. परंतु १९०७ मधील 'अ टेस्टिमनी' हे निवेदन त्या मानाने उपेक्षित राहिले. त्यात एक विलक्षण भेद केलेला आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो पुढे आठ वर्षांनी मिळाला, असे रमाबाई सांगतात. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, पती गेला. विद्वत्ता होती, कीर्ती होती, नवा धर्महि होता, तरी मन रिकामे होते, ही कबुली प्रचारकाची नव्हे. प्रचारकाने बाप्तिस्म्यापाशीच कथा संपवली असती. या दुसऱ्या शोधानंतरच्या काळात केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले आणि हिब्रू व ग्रीक आत्मसात करून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे प्रचंड काम हाती घेतले गेले. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली, १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पुरा बाहेर पडला. या श्रमाचे बळ कोठून आले, याचे उत्तर रमाबाईंनी दिलेले आहे. ते उत्तर वगळून त्यांचे कर्तृत्व तेवढे स्वीकारणे हा आदर नव्हे. ती त्यांच्या साक्षीवर दाखवलेली अविश्वासाची सभ्य तऱ्हा आहे.

या विवेचनावर आक्षेप येतील. पहिला असा की आनंदाची साक्ष हा मिशनरी वाङ्मयाचा ठरीव साचा आहे. आधी अंधार, मग उजेड. आक्षेप खरा आहे. अशा पुस्तिकांचे ढीग आहेत आणि त्यांचे वाङ्मयीन मूल्य शून्यवत् आहे. पण साच्यातला आनंद आणि कमावलेला आनंद यांतील फरक संहितेतच दिसतो. साच्यातल्या आनंदात धर्मांतरानंतर दुःख संपते, जुने सारे काळे होते आणि निवेदक स्वतःवर कधी हसत नाही. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्या लेखनात यातले एकही लक्षण नाही. हा फरक करणे हेच समीक्षेचे काम होते.

दुसरा आक्षेप वसाहतवादाचा. मिशन परकीय सत्तेच्या छत्राखाली वाढले, तेव्हा हा आनंद म्हणजे अंकिताचे समाधान, असे सुचवले जाते. रमाबाईंनी आंग्ल चर्चच्या अधिकाऱ्यांशी सिद्धान्तांवरून घातलेला वाद आणि टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून मांडलेला 'देवाचा दरबार' ही दोन उदाहरणे त्यास पुरेशी आहेत. त्यांची श्रद्धा आज्ञाधारक नव्हती. उलट वरिष्ठांना नकार देण्याचे बळ त्यांना श्रद्धेनेच दिले.

तिसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग, विशेषतः तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला, महार-मांग समाजांतून आलेला आहे. दलित साहित्याच्या समीक्षेने वेदना, विद्रोह आणि नकार ही अस्सलपणाची लक्षणे ठरवली. ती ऐतिहासिक दृष्ट्या आवश्यक होती. परंतु जो दलित ख्रिस्ती आपल्या आनंदाविषयी बोलतो, त्याला या व्यूहात जागा उरली नाही. सवर्णांनी त्याची श्रद्धा धान्याच्या मोलाने विकत घेतलेली ठरवली. नव्या समीक्षेने ती भ्रम म्हणून दुर्लक्षिली. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित अद्याप त्याबाहेरच आहे. एवढे गमावूनही जो समाज टिळकांची गीते गातो, त्याच्या गाण्याला निव्वळ भ्रम म्हणणाऱ्या समीक्षकाने माणसाच्या अनुभवावर निकाल देण्याचा अधिकार कोठून मिळवला, हे सांगितले पाहिजे.

फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. चारशेहून अधिक वर्षे मराठी भाषा या श्रद्धेला शब्द पुरवत आली आहे आणि त्या शब्दांनी समृद्धही झाली आहे. मराठी समीक्षेने श्रद्धाळू व्हावे अशी मागणी येथे नाही. तुकोबांच्या आनंदाचे अभंग नास्तिक समीक्षकही अदबीने वाचतो आणि त्यांना स्वभाव किंवा समाजकारण म्हणून मोडीत काढत नाही. तीच अदब लक्ष्मीबाईंना आणि रमाबाईंना देणे एवढेच न्यायाचे आहे. दुःखाची साक्ष खरी मानायची आणि आनंदाची साक्ष संशयित मानायची, हा पक्षपात जोवर सुटत नाही तोवर समीक्षेच्या निःपक्षपाताच्या गोष्टी पोकळ ठरतील.