नाव घाला, नाव काढा!

पासवर्ड विसरलेला माणूस आणि लोकल चुकलेला माणूस, दोघांचा चेहरा सेम असतो. सोमवारी सकाळी असे चार-पाच चेहरे माझ्या टेबलासमोर हमखास उभे. आयटीवाल्याचं नशीबच ते! पण एकच पासवर्ड वाय-फायला, फाइल सर्व्हरला आणि घरून व्हीपीएनलाही कसा चालतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

सोपं आहे, बॉस. ऑफिसची एक मोठी नामावली असते, तिला म्हणायचं डिरेक्टरी. बऱ्याच ठिकाणी ती असते विंडोज २००० बरोबर आलेली 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी'. तुम्ही दारात आलात की प्रत्येक सिस्टिम तिलाच विचारते, 'हा आपलाच ना?' ही विचारपूस बऱ्याचदा एलडॅप नावाच्या भाषेत चालते. १९९० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात ती तयार झाली. फक्त टीएलएसचं कुलूप लावायला विसरायचं नाही, नाहीतर साध्या पद्धतीत पासवर्ड वायरवरून उघडाच धावतो.

आत आल्यावर कुठल्या खोलीत शिरायचं, हे ठरतं ग्रुपवरून. बाकीच्या सिस्टिम्स हे ग्रुप ठराविक वेळाने उतरवून घेतात, त्याला म्हणतात सिंक. म्हणून सकाळी ग्रुपात घातलेल्या नव्या मुलीला फोल्डर दिसायला कधीकधी दुपार होते. विंडोजवर तर लॉग-ऑफ करून परत आत यावं लागतं. तिला वाटतं, आयटीवाले झोपलेत!

खरी गडबड उलट्या दिशेला असते. माझ्या जुन्या ऑफिसात एकजण एचआरमधून सेल्सला गेला. दोन वर्षांनी चहा पिताना सहज म्हणाला, 'अरे, सगळ्यांचे पगार अजून दिसतात की मला!' तो हसला. टेबलावरचं बाकी कोणी हसलं नाही. त्यात सिंकचा काय दोष? नामावलीत त्याचं नाव एचआरच्या ग्रुपात होतं, तेच त्याने इमानाने उतरवलं. बदली झाली हे मशीनला कोण सांगणार? नवा ग्रुप मागायला सगळे धावत येतात. जुन्यातून काढा, असं सांगायला कोणी फिरकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी डिपार्टमेंट बदललंत की आयटीला मेल करताना दोन ओळी लिहा. कशात घालायचं आणि कशातून काढायचं. तुमच्या जागी येणाऱ्यालाही हेच सांगा. कारण त्या फोल्डरमध्ये तुमचीही पगाराची स्लिप आहे, राव!