व्हॅन घ्यायची, पण कुठल्या सालची?

घरात गाडी घ्यायचा विषय निघाला की हल्ली शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. "तूच बघ काय ता मोबायलार." म्हणजे आलं तुमच्यावर. पैसे बाबांचे, थोडे मुंबईच्या काकांचे, उरलेले बँकेचे. पण गाडी निवडायची तुम्ही, कारण व्हिडिओ बघणारे तुम्ही आणि व्हॉट्सॲपवर फोटो मागवणारेही तुम्हीच.

इन्सुली, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यात घरची गाडी म्हणजे बहुतेक वेळा व्हॅन. हॅचबॅक देखणी असते, पण चतुर्थीला मुंबईकर आले की ती पुरत नाही. व्हॅनचा दार सरकवला की गणपतीची मूर्ती सरळ आत जाते, आजी न वाकता बसते, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या मावतात आणि रात्री-अपरात्री कुणाला बांबोळीला न्यायची वेळ आली तर मागची सीट आडवी करून पेशंटला झोपवता येतं. या शेवटच्या कारणासाठीच अनेक घरांत व्हॅन आहे, हे आपण बोलत नाही एवढंच. तेव्हा "व्हॅन काय घ्यायची, स्टाइल नाही" असं म्हणणाऱ्या मित्राकडे दुर्लक्ष करा. प्रश्न व्हॅन घ्यायची का हा नाही. कुठल्या सालची घ्यायची, हा आहे. आणि इथे साल म्हणजे नुसतं वय नव्हे. ओम्नी, जुनी ईको आणि नवी ईको दुरून एकाच घरातल्या दिसतात, पण आत बसणाऱ्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या गाड्या आहेत.

ओम्नीपासून सुरुवात करू, कारण वडीलधाऱ्यांचा जीव तिच्यातच अडकलाय. मारुती ८०० पाठोपाठ १९८४मध्ये ती 'मारुती व्हॅन' म्हणून आली, ओम्नी हे नाव नंतरचं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटच्या खाली. गावातला कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून खोलेल अशी. हिंदी सिनेमाने तिला अपहरणाची गाडी करून बदनाम केलं, पण आपल्याकडे तिने शाळेची मुलं नेली, मासे नेले, वरात नेली आणि ॲम्ब्युलन्स म्हणूनही धावली. पस्तीस वर्षांनी, २०१९मध्ये तिचं उत्पादन थांबलं. सुरक्षेचे नवे नियम आले आणि तो सपाट चेहरा त्या नियमांत बसवणं शक्य नव्हतं. समोर बॉनेट नाही, म्हणजे धडक बसली की मध्ये चुरगळायला काहीच नाही. थेट ड्रायव्हरचे गुडघे.

"इतकी वर्षं चालवली, काय झाला?" हा प्रश्न घरात येणारच. त्याचं उत्तर रस्त्यात आहे. ओम्नी ज्या काळात आपल्याकडे रुजली तेव्हा महामार्ग दोन पदरी होता आणि इन्सुली घाटात ट्रकच्या मागे लागलात की वेग आपोआप बैलगाडीचा. आता झाराप ते पत्रादेवी चौपदरी आहे. शेजारून शंभरच्या वेगाने गोव्याकडे जाणारी गाडी सुटते, आणि त्याच रस्त्यावर वाडीतून आलेली व्हॅन दुभाजकाच्या फटीतून वळते. रस्ता बदलला, गाडी तीच राहिली. ओम्नी आता वाडीतल्या वाडीत सामान न्यायला ठीक. माणसं भरून महामार्गावर न्यायला नको, कितीही स्वस्त मिळाली तरी.

त्यात वयाचा खर्च आहे. पंधरा वर्षं झाली की आरसी नूतनीकरण करावं लागतं आणि खासगी मोटारीची त्याची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. वर पर्यावरण कर, फिटनेससाठी करावं लागणारं पत्र्याचं काम, नवी एचएसआरपी नंबरप्लेट. चाळीस हजारांत मिळालेली ओम्नी ओरोसच्या आरटीओतून बाहेर येईपर्यंत चाळीस हजारांची राहत नाही.

आता ईको. मध्ये २००१मध्ये व्हर्सा नावाची गाडी येऊन गेली. अमिताभ आणि अभिषेक, दोन्ही बच्चन जाहिरातीत असूनही ती चालली नाही. त्याच सांगाड्यातली हौसमौज काढून टाकून, १.२ लिटरचं इंजिन बसवून जानेवारी २०१०मध्ये ईको आली आणि धो धो चालली. २०२३पर्यंत दहा लाख गाड्या विकल्या गेल्या. आज सेकंड हँड बाजारात तुम्हाला जी ईको दिसेल ती बहुधा याच जुन्या पिढीतली असेल. नाकासमोर थोडंसं बॉनेट आलं, इंजिनात दम आला, पाच सीटरला एसी मिळाला. सात सीटरला एसी नव्हता, हे घेताना आठवणीत ठेवा. फोटोत कळत नाही, मे महिन्यात कळतं.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. २०१६मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली ईको धडकवून पाहिली. मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला मिळालेले स्टार: शून्य. त्यानंतर ही गाडी टप्प्याटप्प्याने सुधारली आणि सेकंड हँड घेणाऱ्याने नेमके हेच टप्पे पाठ करायला हवेत. २०१९मध्ये एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग आली. त्यानंतर कायद्याने शेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची झाली. नोव्हेंबर २०२२मध्ये इंजिन बदललं, ताकद सुमारे ७३ पीएसवरून जवळपास ८१ पीएसवर गेली आणि पेट्रोलवर लिटरला १९.७१ किलोमीटरचा कंपनीचा दावा आला. दावा हा दावा असतो, घाट आणि एसी धरून त्यातले चार-पाच वजा करा. आणि २०२५मध्ये सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत आल्या. त्याच वेळी सात सीटर बंद होऊन तिची जागा सहा सीटरने घेतली.

म्हणजे २०१८ची ईको आणि २०२५ची ईको रस्त्यावर शेजारी उभ्या केल्या तर रंगापलीकडे फारसा फरक दिसणार नाही. एकीत धडकेच्या वेळी तुमच्या आणि स्टिअरिंगच्या मध्ये काहीच नाही. दुसरीत सहा एअरबॅग आहेत. विकणारा एजंट सांगेल, "मॉडेल तेच आहे." तसं नाही. मात्र सहा एअरबॅग म्हणजे गाडी मजबूत, असंही धरून चालू नका. एअरबॅग आणि सांगाडा या दोन वेगळ्या गोष्टी. २०२४मध्ये ग्लोबल एनकॅपने आफ्रिकेतल्या बाजारासाठी तपासलेल्या भारतीय बनावटीच्या एर्टिगाला, दोन एअरबॅग असूनही, मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच स्टार मिळाला होता. एर्टिगाचं स्वप्न बघणाऱ्यांनीही सालाकडे लक्ष द्यावं ते याचसाठी. तिलाही सहा एअरबॅग सरसकट मिळाल्या २०२५मध्येच.

आता पैशांचं. "नवी परवडत नाही" हे वाक्य आपण हिशोब न करताच बोलतो. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी, उपकर धरून २९ टक्क्यांच्या आसपास होता तो १८ टक्के झाला. ईको १,१९७ सीसीची आणि चार मीटरच्या आत, म्हणजे त्यात बसते. कराआधीची किंमत चार लाख धरली तरी फरक ४४ हजारांचा. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायला हवा, पण जुनी विकणारा आपला आकडा सहजासहजी सोडत नाही. तुम्ही घासाघीस करताना हे कारण बिनधास्त पुढे करा.

कर्जाचंही तसंच. समजा, जुन्या गाडीसाठी अडीच लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मिळालं. हप्ता येतो सुमारे साडेआठ हजार. नवीसाठी पाच लाख ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता आठ हजारांच्या आसपास. दर बँकेगणिक बदलतील, पण जुन्या गाडीला व्याज जास्त आणि मुदत कमी, हे बहुधा ठरलेलं. अर्थात नवीचं व्याज एकूण पावणेदोन लाखांच्या घरात जातं आणि सात वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. मोपा विमानतळावर काम करणाऱ्या पोराचा पगार सात वर्षं असाच चालू राहील, हे कोण सांगणार? म्हणून "डोळे झाकून नवीच घ्या" असं आम्ही म्हणणार नाही. आमचं मत सांगायचं तर, रोज माणसं न्यायची असतील आणि घरात दोन जण कमावते असतील तर सहा एअरबॅगवाली नवी. एकाच्याच पगारावर घर असेल तर नोव्हेंबर २०२२नंतरची, एकाच मालकाची. २०१९च्या आधीची फक्त सामानासाठी.

सेकंड हँड बघायला जाल तेव्हा फोटोवर भाळू नका. कोकणातल्या व्हॅनचं खरं वय तिच्या फ्लोअरवर लिहिलेलं असतं. मॅट उचला, सरकत्या दाराची पट्टी बघा, मागच्या चाकावरचा पत्रा बोटाने दाबा. गाडीने मासे वाहिले असतील तर बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं झिरपून फ्लोअर खाऊन टाकतं, मग वरून कितीही नवा रंग मारलेला असो. वासही येतो. गाडीत परफ्यूमचा फार घमघमाट असेल तर आधी तिथेच नाक खुपसा. आणखी एक गोष्ट खास ईकोची. तिच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महाग धातू असतात आणि त्यासाठी ईकोचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार महाराष्ट्रात आणि गुजरातेत भरपूर झालेत. चोरीनंतर स्वस्तातला पोकळ सायलेन्सर लावून गाडी विकायला काढली जाते. खाली वाकून बघा, पीयूसी स्वतःसमोर करून घ्या.

सीएनजीचा मोह होईल. किलोला २६.७८ किलोमीटर हा आकडा गोडच आहे आणि आपल्या जिल्ह्यात पंपही आलेत. पण टाकी मागे बसली की डिकीचं काय होतं ते बघा, आणि बाहेरून बसवलेलं किट असेल तर ते आरसीवर चढलंय का, टाकीची तपासणी झालीय का, हे विचारा. आणि पत्रादेवीला जाऊन स्वस्तातलं पेट्रोल भरायची सोय असलेल्या माणसाने सीएनजीचा फायदा मुंबईच्या हिशोबाने काढू नये.

आता सगळ्यात नाजूक विषय, जीएची गाडी. म्हापशाला जुन्या गाड्यांचा बाजार जवळ, किंमत बरी, आणि "नावावर करूक कित्याक होयी, हंय सगळे तशेच फिरवतत" हा सल्ला फुकट. फिरवतात हे खरं. पण दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथे नोंदणी करावी लागते. त्यासाठी गोव्याच्या आरटीओकडून फॉर्म २८वर एनओसी, मग ओरोसला इथला कर. नव्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, जुनीला वयाप्रमाणे कमी. हा आकडा किमतीत मिळवा आणि मगच "गोव्यात स्वस्त" म्हणा.

नावावर न करण्याचा धोका दंडापुरता नाही. विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर अपघातात तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. पॉलिसी नावावर करायला विकत घेतल्यापासून चौदाच दिवस असतात. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची, कारण तुमच्यापैकी काही जण आता घरची जुनी ओम्नी विकणार आहेत. २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे ओम्नी वेंगुर्ल्याच्या कुणाला विकून तुम्ही पैसे मोजून मोकळे झालात, त्याने नावावर केली नाही आणि दोन वर्षांनी तिने कुणाला उडवलं, तर नोटीस इन्सुलीत तुमच्या बाबांच्या नावाने येईल. आणि आपल्याकडे व्हॅन माणसांखेरीज काय काय वाहून नेते, हे इन्सुलीच्या तपासणी नाक्याजवळ राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गोव्याची दारू पकडली की मुद्देमालात गाडीही जाते आणि पहिला शोध आरसीवरच्या नावाचा होतो.

तेव्हा चावी देताना फॉर्म २९ आणि ३०वर सह्या, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत, तारीख आणि वेळ लिहिलेली पावती. राज्यातल्या राज्यात विकली असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे काम बाबांना जमणार नाही, एजंट उद्यावर ढकलेल. परिवहन पोर्टलवर तुम्हीच बसा, आणि गाडी नव्या नावावर चढली का ते महिनाभराने पुन्हा एकदा बघा.