सोपाऱ्याचा बुरूड राजा

मागच्या सुट्टीत बंगळुरूहून घरी निघताना विभागातल्या मैत्रिणीने विचारलं, "तुमच्या कोकणात बघण्यासारखं प्राचीन मंदिर कोणतं?" मी नालासोपाऱ्याचं चक्रेश्वर महादेव मंदिर सांगितलं. तलावाकाठचं, ब्रह्मदेवाची जुनी मूर्ती असलेलं. सांगून झाल्यावर लक्षात आलं, की सोपाऱ्याचा इतिहास मीही मंदिरापासूनच सुरू केला. मी, जिचे आजोबा जन्मभर बांबू सोलून सुपं विणत राहिले!

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, सातवाहन काळातलं पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. पुराणकथेत मात्र ही भूमी परशुरामासाठी समुद्राने मोकळी केलेली. नावाडी, हमाल, कारागीर, व्यापारी यांनी उभं केलेलं बंदर अशा रीतीने एका परशूच्या खात्यावर जमा होतं. याच परशुरामाला जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (1873) हजर होण्याची जाहीर नोटीस काढली होती. सोपाऱ्यापुरती ती अजून लागू आहे.

1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथला एक उंचवटा खणला. आत विटांचा स्तूप निघाला. दगडी पेटीत करंडकाच्या आत करंडक, सोन्याची फुलं, मातीच्या भांड्याचे तुकडे आणि भोवती आठ कांस्य बुद्धमूर्ती. त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात सापडला तो 1956 मध्ये, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी. या नवव्या लेखाचा आशय असा, की लोक करतात त्या मंगलविधींचं फळ थोडं. दास आणि नोकरांशी नीट वागणं, हे खरं मंगल.

खणण्याआधी त्या उंचवट्याला गावकरी काय म्हणत? 'बुरूड राजाचा कोट'. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणतो तो बुरूड. कदाचित नाव तिथूनच आलं असेल. कदाचित असा राजा कधी नव्हताच. पण आज अनुसूचित जातींच्या यादीत असलेल्या जातीचा राजा होऊन गेला, त्याचा कोट आपल्या गावात आहे, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिले. पुराणात न मावलेली ही आठवण लोकांच्या तोंडी टिकली.

मंदिराला माझा विरोध नाही. नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख ब्राह्मणांना दिलेली दानं सांगतो, तशी शूर्पारकात बांधलेली विश्रामगृहंही सांगतो. बंदरात सगळेच होते. माझी तक्रार 'प्राचीन' या शब्दाच्या वापराबद्दल आहे. मंदिर जुनं असलं की तो 'आपला वारसा', आणि स्तूप त्याहून जुना असला तरी तो फक्त 'अवशेष'. ही वाटणी काळाने केलेली नाही, जातीने केलेली आहे. माझ्यासारख्यांच्या जिभेवरही ती बसली आहे.

मैत्रिणीला मी दुसरा निरोप पाठवला: सोपाऱ्याला गेलीस तर चक्रेश्वर जरूर बघ. मग बुरूड राजाच्या कोटाचा पत्ता विचार. रिक्षावाल्याला कळलं नाही, तर स्तूप म्हण. पण आधी कोटच विचार.