विश्लेषण : रडवणारा धडा हळव्या मुलांना द्यावा का?

खंडाळा : वर्गात ‘श्यामची आई’मधला उतारा वाचला जातो आणि एखादे मूल मान खाली घालते. घरी आल्यावर जेवत नाही, रात्री आईला सोडत नाही. अशी पुस्तके शाळेत कशाला, असा प्रश्न मग पालकांना पडतो.

दुःखाचा धडा नवा आहे का?

नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ४२ रात्रींत सांगितलेल्या या आठवणी आईच्या मृत्यूपर्यंत जातात. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटानेही प्रेक्षकांना रडवले.

खंडाळ्याचा संबंध काय?

सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे. फुले दाम्पत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा ती सुमारे १४ वर्षांची होती. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने त्यात मांडले. म्हणजे मुलांना दुःख कळते आणि ते सांगताही येते. त्यासाठी ऐकून घेणारी शाळा लागते.

मग अडचण कुठे आहे?

धडा संपताच ‘आईचे गुण लिहा’ असा प्रश्न येतो. उत्तर पाठ होते, पण मनात काय झाले हे कोणी विचारत नाही. त्याच वर्गात आई गमावलेले मूल असेल, तर तोच धडा त्याच्यासाठी घरची गोष्ट असते. त्यालाच उभे करून वाचायला लावले, तर जखम उघडी पडते.

धडा वगळावा का?

सरसकट वगळल्यास ज्या मुलाचे दुःख धड्यात आहे, त्याला आपण एकटेच आहोत असे वाटू शकते. त्यापेक्षा वाचण्याची रीत बदलणे सोपे आहे.

शिक्षक-पालकांनी काय करावे?

• धड्यात काय घडते, ते आधीच सांगा.
• मोठ्याने वाचण्याची सक्ती नको.
• गृहपाठाआधी गप्पा मारा. ‘रडू नको’ म्हणू नका.
• घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर पालकांनी वर्गशिक्षकांना कळवावे.
• झोप, जेवण किंवा शाळा दोन आठवडे बिघडलेली राहिली, तर समुपदेशकांना भेटा. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो.