गाडीचे वय कशावर मोजायचे?

'जुने ते सोने' अशी एक म्हण आपण म्हणतो आणि 'नव्याचे नऊ दिवस' अशी दुसरी. दोन्ही म्हणी जुन्याच्याच बाजूच्या आहेत. पण बाजारात आणि कचेरीत चलन मात्र नव्याचे. सोन्याचे एक बरे असते. त्याचे वय कोणी विचारीत नाही. वजन आणि कस विचारतात. मोटारीच्या नशिबी हे नाही. तिचे वय आधी विचारतात, आणि कस मागाहून किंवा कधीच नाही. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगार, असे आता शिकलेली माणसेही सहज बोलून जातात. मला हे पटत नाही. का पटत नाही, तेच येथे मांडावयाचे आहे.

जुनी गाडी म्हटले की काहींच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या रोल्स रॉइस येतात. त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. त्या पुसायला नोकर असतात. मी बोलतो आहे ते साध्या गाड्यांविषयी. गंगाखेडहून परभणीला, परळीला, राणीसावरगावला माणसे नेणारी काळी-पिवळी जीप आणि सुमो, एखाद्या शिक्षकाने निवृत्तीनंतरही न विकलेली फियाट, तिसऱ्या-चौथ्या हाताने घरी आलेली मारुती ८००. मित्रहो, आपल्यापैकी कितीजणांच्या घरी पहिली चारचाकी नवी आली? शोरूममधून हार घालून आणलेली गाडी हा आपल्यातल्या थोड्यांचा अनुभव. बहुतेकांच्या दारात गाडी येते ती दुसऱ्याच्या घरी दहा-बारा वर्षे नांदून.

या गाड्यांपैकी काहींचे मूळ आपल्याच मराठी मुलखात आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी बनू लागल्या. १९६४ पासून निघालेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीची झाली. नाव बदलले तरी लोकांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. टाटांची सुमो १९९४ साली आली, तीही पुण्याची. सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे जोडून तिचे नाव झाले. ती २०१९ मध्ये बंद झाली. बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबॅसडर पन्नासहून अधिक वर्षे निघत राहिली आणि २०१४ मध्ये थांबली. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० सुद्धा २०१४ मध्येच थांबली.

परमिट-परवान्याच्या काळात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गाड्यांच्या जाती दोन-तीन, आणि त्याही फारशा न बदलणाऱ्या. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा तोटाच होता. मिस्त्रीच्या दृष्टीने मात्र तो फायदा ठरला. एकदा शिकलेली विद्या त्याला तीस वर्षे पुरली. तालुक्याच्या गावी झाडाखाली बसणाऱ्या मिस्त्रीलाही तीच गाडी, तेच इंजिन, तोच आवाज. जुन्या गाडीच्या दीर्घायुष्याचे मर्म मला कारखान्यापेक्षा या झाडाखाली अधिक सापडते.

आता चालविण्याविषयी. माझे वडील काळी-पिवळी जीपवर ड्रायव्हर आहेत. जीप मालकाची आहे, पण तिची दुखणी वडिलांनाच ठाऊक. लायसन्स निघाल्यावर मी शिकलो तो त्याच जीपवर. सकाळी आधी हीटर द्यायचा, दहापर्यंत आकडे मोजायचे, मग सेल्फ. इंजिन सुरू झाले की गिअरची दांडी हातात अशी थरथरते की जणू कोणी आतून हात धरून हलवीत आहे. स्टिअरिंग जड, उभ्या गाडीत फिरवायचे म्हटले तर खांद्यातून जोर लावावा लागतो. चारी बाजूंना पाटे असल्यामुळे रिकामी जीप खड्ड्यातून उसळ्या मारते आणि माणसे भरली की शांत होते. पण पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, ती पांदणीतल्या चिखलातून बैलासारखी निघून जाते. तिला घाई करून चालत नाही. ब्रेकसुद्धा पुढचे वळण दिसले की आधीच दाबायला घ्यावा लागतो. त्यामुळे जुन्या गाडीवर शिकलेला ड्रायव्हर रस्ता लांबवर पाहायला शिकतो, असे वडील म्हणतात.

मारुती ८०० याच्या अगदी उलट. तीन सिलिंडरचे ७९६ सी. सी. चे इंजिन आणि सारी गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास. स्टिअरिंग दोन बोटांनी फिरते. बाजारातल्या गर्दीतून ती सायकलीसारखी निघते. चाके मात्र बारा इंची, म्हणून आपल्या काळ्या मातीत पहिल्या पावसाला रुतते. रुतली तर चार पोरे तिचा मागचा भाग उचलून बाजूला ठेवतात, हेही खरे. फियाट मी एकदाच चालविली. गिअरची दांडी स्टिअरिंगला, पुढे सलग बाक. तिसरा माणूस पुढे बसला तरी त्याच्या गुडघ्याला गिअर लागत नाही. चोक ओढून सुरू करायची आणि इंजिन तापले की चोक आत ढकलायचा. विसरलात तर गाडी पेट्रोलच्या वासाने आठवण देते. या तिन्ही गाड्यांत एक गोष्ट सारखी आहे. गाडीला काय होते आहे ते हाताला, पायाला आणि कानाला कळते. बेअरिंग वाजू लागले, क्लच घसरू लागला, एक सिलिंडर मार खाऊ लागला, तर बिघाड होण्याच्या आधी आठ-पंधरा दिवस गाडी सांगत असते. ऐकणारा पाहिजे.

येथे विश्वासाचा प्रश्न येतो. भरवशाची गाडी म्हणजे कोणती? जी कधी बिघडत नाही ती, असे शहरातला माणूस म्हणेल. त्याचे बरोबर आहे, आणि नव्या गाड्या जुन्यांपेक्षा कमी वेळा बंद पडतात हेही मान्य केले पाहिजे. पण आपल्याकडे भरवसा निराळ्या रीतीने मोजावा लागतो. बंद पडल्यावर जी जागच्या जागी चालू होते, ती आपल्या उपयोगाची गाडी. पाट्याचे एक पान तुटले तर तेवढेच पान बदलता येते. फॅन बेल्ट तुटला तर दहा किलोमीटरच्या आत कोणाकडे तरी मिळतो. प्लगला काजळी धरली तर पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवता येतो. बॅटरी उतरली तर उतारावर ढकलली की झाले. इंजिन थकले तर बोअर करून, पिस्टन-रिंग बदलून ते पुन्हा उभे राहते.

मागच्या पावसाळ्यात राणीसावरगावच्या रस्त्यावर एक नवी गाडी उभी होती. कोणत्या कंपनीची, ते सांगण्याचे कारण नाही. समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला आणि गाडी चढ चढेना. आमच्या ओळखीचा मिस्त्री गेला, बॉनेट उघडले, पाहिले आणि पुन्हा लावून टाकले. "याला संगणक लावून विचारावं लागतंय, काय दुखतंय म्हणून," तो म्हणाला. गाडी दुसऱ्या वाहनावर घालून नांदेडला गेली आणि नऊ दिवसांनी परत आली. मालकाची ऐपत होती म्हणून नऊ दिवस निभावले. काळी-पिवळी नऊ दिवस उभी राहिली तर आमच्या घरी चूल कशी पेटणार? आणि प्रश्न एकट्या आमच्या घराचा नाही. ज्या गावी एस. टी. दिवसातून दोनदा येते, तेथल्या मुलींचे कॉलेज जीपवर चालते. रात्री कोणाला साप चावला, कोणाची वेळ भरली, तर शेजारच्याची जुनी गाडीच आधी दारात येते.

आता वयाचा हिशेब करून पाहू. गंगाखेड ते परभणी अंतर सुमारे ४० किलोमीटर. जीपने दिवसाला दोन फेऱ्या जाऊन-येऊन केल्या तर १६० किलोमीटर होतात. वर्षातले ३०० दिवस धरले तर ४८,००० आणि सहा वर्षांत २,८८,०००. दुसरीकडे एखाद्या गुरुजींची मोटार घर, शाळा आणि बाजार मिळून रोज १० किलोमीटर चालते. पंधरा वर्षांत तिचे ५५,००० सुद्धा होत नाहीत. आता सांगा, म्हातारी कोण? सहा वर्षांची जीप की पंधरा वर्षांची मोटार? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस तिची सेवा संपली. तिचे इंजिन थकले होते की नव्हते, हा प्रश्नच आला नाही. तारीख आली आणि ती गेली.

या मताविरुद्ध बोलणारे आमच्या वर्गातही आहेत आणि त्यांची बाजू दुबळी नाही. जुनी गाडी धूर ओकते, हे खरे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी. एस. ६ ची अट आली. तिच्या तुलनेत कार्ब्युरेटरची किंवा जुन्या डिझेलची गाडी हवा कितीतरी अधिक घाण करते. जुन्या गाडीत एअरबॅग नाही. ड्रायव्हरसाठी ती सक्तीची झाली २०१९ मध्ये. अपघातात जुन्या गाडीतला माणूस अधिक उघडा असतो. हे सारे मी मान्य करतो. नऊ-दहाजणांच्या जीपमध्ये पंधराजण कोंबणे आणि मागच्या फळीवर पोरे लटकविणे हेही वाईटच, पण तो दोष गाडीच्या वयाचा नाही. नव्या गाडीतही तेच होते. धूर आणि ब्रेक यांचे उत्तर मात्र जुन्या गाडीच्या अभिमान्यांनी दिलेच पाहिजे. माझे उत्तर एवढेच की धूर मोजता येतो आणि ब्रेक तपासता येतो. जे मोजता येते ते मोजा. वयावरून अंदाज कशाला करायचा?

कायदा काय म्हणतो तेही नीट पाहिले पाहिजे. २०२१ साली जाहीर झालेल्या धोरणात खासगी मोटारीला केवळ वयासाठी मोडीत काढा असे म्हटलेले नाही. पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी होऊ शकते. भाड्याच्या गाडीचे पासिंग तर आठ वर्षांनंतर दरवर्षी करावे लागते. हे योग्यच आहे. सरकारने १ एप्रिल २०२३ पासून स्वतःच्या पंधरा वर्षांवरील गाड्या मोडीत काढायला घेतल्या आणि दिल्लीत हवेच्या कारणाने वयाची मर्यादा आली, त्यामुळे 'पंधरा म्हणजे भंगार' हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसले असावे. पण माझा आक्षेप फीवर आहे. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ती १०,००० झाली. तपासणीचे यंत्र तेच, तपासणारा माणूस तोच, मग फी का चढते? ज्याच्याकडे वीस वर्षांची गाडी आहे तो ती हौसेने ठेवतो असे मानले तरच या फीचा अर्थ लागतो. आपल्या तालुक्यात ती हौसेने ठेवणारा विरळाच.

म्हणून माझे म्हणणे असे. गाडी यंत्रावर घालून कडक तपासा. ब्रेक, स्टिअरिंग, धूर, खालून गंजलेली चासी, सारे पाहा. नापास झाली तर ती सहा वर्षांची असली तरी रस्त्यावरून काढा. पास झाली तर पंचवीस वर्षांची असली तरी चालू द्या. फी तपासणीच्या खर्चाइतकी ठेवा, आणि त्यासाठी खेड्यातल्या माणसाला जिल्ह्याला खेटे घालावे लागू नयेत. याच्या जोडीला, झाडाखालच्या मिस्त्रीला नव्या गाडीचा संगणक वाचायला शिकवा. त्याच्या हातात बुद्धी आहे, कागदावर प्रमाणपत्र नाही एवढेच. आज ज्या गाड्या नव्या आहेत त्याही दहा वर्षांनी तिसऱ्या हाताने आपल्याच दारात येणार आहेत. त्या वेळी त्यांना उघडू शकणारा माणूस गावात नसेल, तर त्या बिघडल्या त्याच दिवशी भंगारात जातील, मग त्यांचे वय काहीही असो.

— बी. ए., द्वितीय वर्ष